कैरीच्या फोडीचा रंग

१

रंग विचारायला येता आणि डिझाईन आधीच ठरवून येता, हितंच चुकतंय बघा पावणं. डिझाईन कुठलंबी घ्या की. ह्यो माझा रोलर बघा. रबरावर वेल हाय, वेलीला पानं, मधनंमधनं एक कळी. नव्वद सालापास्नं हेच्यावर माझं पोट चाललंय. ही वेल क्रीम भिंतीवर चॉकलेटीनं फिरवली की घर लग्नाच्या हॉलवानी दिसतंय. पांढऱ्यावर निळी फिरवली की दवाखाना. गुलाबीवर चंदेरी फिरवली की लॉज, आणि कसला लॉज ते तुमी समजून घ्या. वेल तीच हाय की! एक पान इकडचं तिकडं झालेलं न्हाय. पर एका खोलीत माणूस चप्पल काढून निवांत मांडी घालतोय आणि दुसरीतनं उभ्याउभ्या सटकतोय. ही सगळी करामत रंगाची.

मी प्रभुलिंग. शाहूपुरीत कुणालाबी विचारा, रोलरवाला प्रभू म्हणत्यात मला. तोंडानं फटकळ हाय, ते खरं हाय. गिऱ्हाईक खुळ्यावानी रंग मागाय लागलं की मी ऐकून घेत न्हाय. एका वकिलाला तोंडावर सांगितलं हुतं, साहेब, ह्या जांभळ्यात तुमच्या मंडळी आठ दिवस टिकायच्या न्हाईत, माहेर गाठतील. गेल्या का न्हाई ते इचारू नका.

आमच्यात एक रीत हाय. रंगाऱ्याच्या घराला रंग विकत आणत न्हाईत. दसऱ्याच्या आधी सगळ्या गावाची घरं रंगवायची, आणि शेवटी हितनं वाटीभर, तिथनं तांब्याभर जे काय उरलंय ते एका बादलीत ओतायचं. काठीनं ढवळायचं आणि निघंल त्यो रंग आपल्या भिंतीला मारायचा. त्येला नाव नसतंय, नंबर नसतोय. एकदा बादली संपली की त्यो रंग जगातनं गेला.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला त्या बादलीत काय काय पडलं कुणास ठाऊक. पर काठी फिरवली आणि असा रंग वर आला की मी ढवळायचाच थांबलो. कवळी कैरी चिरल्यावर आतली फोड असती न्हवं, पिवळी न्हाय आणि हिरवीबी न्हाय, तसला. त्येच्यावर पांढरी वेल फिरवली. दुपारी चारलाबी त्या खोलीत सकाळ झाल्यावानी वाटायचं.

माझी बायको रत्नव्वा, नेसरीची. ती दारात उभी राहून बघतच ऱ्हायली. म्हणाली, "अवं, आपलं घर मोठं झाल्यावानी वाटतंय की."

दोन खोल्यांचं भाड्याचं घर ते, मोठं कुठनं हुतंय? पर मलाबी तसंच वाटत हुतं.

२

आमची शिवांजली तवा चार वर्षांची. मी बाहेर सगळ्यांवर डाफरायचो, पर तिच्याम्होरं माझी जीभ उचलायची न्हाय. मला "अप्पा" म्हणायची आणि आईला "अव्वा", आणि दोघांना हुकूम सोडायची.

सकाळी आंघोळ झाली की रत्ना त्या भिंतीच्या कडंला पाट टाकायची आणि पोरीला पुढ्यात घेऊन वेणी घालायची. तेल असं चोपडायची की पोरीच्या कपाळावर वघळ यायचा. वेण्या झाल्या की शिवू तितंच भिंतीला पाठ लावून बसायची, मांडीवर पाटी घ्यायची आणि गिरगटत ऱ्हायची. डोकं टेकतंय तितं भिंतीला तेलाचा गोल डाग पडला. रंगाऱ्याच्या घरात डाग! लोकं हसायची. मला त्यो डाग बघून बरं वाटायचं, का ते मला सांगता यायचं न्हाय.

पुढच्या माघात तिला ताप आला आणि त्यो उतरलाच न्हाय. दवाखान्यात, निळ्या भिंतीच्या एका खोलीत, ती गेली.

आमच्या लिंगायतात माणसाला आडवं न्हेत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, भिंतीला टेकवत्यात, कपाळाला इबूत लावत्यात, आणि तसंच बसल्यालं मातीत ठेवत्यात. शिवूलाबी घरी आणून तसंच बसवलं. दुसरी जागाच न्हवती, त्याच भिंतीला बसवलं. तिचं डोकं बरोबर त्या डागावर टेकलं. मी ते बघितलं आणि उठून बाहेर गेलो. माझ्यानं बघवलं न्हाय.

३

त्या साली सण न्हाय, रंग न्हाय. पुढच्या साली मी बादली घेऊन आलो तर रत्ना दारात आडवी उभी राहिली. "ह्या खोलीला हात लावायचा न्हाय," म्हणाली. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. तिला तेवढंच समाधान.

मग सत्त्याण्णवातली एक रविवारची दुपार. मी त्या भिंतीच्या समोर जेवाय बसलेलो. घास तोंडात हुता आणि माझं लक्ष गेलं. डाग जागेवर न्हवता.

गेला असता तरी मी म्हटलं असतं, चला, सुकला. तसं न्हवतं. डाग वर सरकलाता. वीतभर तरी वर. आणि जिथं पहिल्यांदा हुता तिथं भिंत कोरी, जणू कुणी कधी टेकलंच न्हाय.

आता मी रंगारी माणूस. तेल भिंतीत पसरतंय हे मला कुणी शिकवायला नको. पर पसरतंय ते चारी बाजूला, आणि खाली जास्त. सगळाच्या सगळा डाग उचलून वर कसा जाईल? मी उठलो, बोट लावलं, नाकाला लावलं. ताजं खोबरेल.

रत्ना आतल्या खोलीत भाकरी थापत हुती. मी तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "अगं, त्यो भिंतीवरचा डाग वर कसा गेला?"

तिनं मान वळवली न्हाय. हातावर भाकरी फिरवत म्हणाली, "पोरं वाढत्यात की वं."

मी उलट पावली बाहेर आलो. पर मी स्वतःला दम दिला, प्रभ्या, खुळ्यावानी करू नको. बाईचं लेकरू गेलंय. तीच लावत आसंल तेल बोटानं. दर वर्षी जरा जरा वर लावत आसंल. जीव रमतोय तिचा, रमू दे.

तरी मी काय केलं, महिनाभर तेलाची बाटली माझ्या कामाच्या पिशवीत घालून घेऊन जात हुतो. संध्याकाळी घरी आलो की डाग ओला. रत्नाच्या डोक्याला आठवडा आठवडा तेल न्हाय, केस कोरडे पडल्याले, आणि भिंत वली.

एक दिवस ब्रश घरीच राहिला म्हणून दुपारचा परत आलो. दार लोटलेलं हुतं. फटीतनं बघितलं तर रत्ना पाटावर बसलीती, गुडघे फाकून, पोरीची वेणी घालाय बसत्यात तशी. दातात लाल रिबीन. पुढ्यात कोण न्हवतं. बोटं चाललीती, तीन पेड, एकावर एक, एकावर एक, सराईतासारखी. मधीच डाव्या हातानं कुणाची तरी हनवटी सरळ केल्यावानी केलं आणि रिबीन दातात धरूनच म्हणाली, "हालू नको की गं."

मग तिनं रिबीन दातातनं काढली आणि बांधाय लागली. बांधून झाल्यावर तिनं हात सोडला का, आणि सोडल्यावर त्या रिबिनीचं काय झालं, ते बघायला मी थांबलो न्हाय. तडक कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेलो आणि तिथं हातात कप धरून उभा राहिलो. चहा गार झाला, मी पिलोच न्हाय.

४

दोन वर्षं मी तोंड मिटून काढली. डाग वर जात हुता. मी त्या खोलीत पाठ करून जेवायचो.

मग नव्व्याण्णवात रत्ना भावाच्या लग्नाला नेसरीला गेली आणि मी ठरवलं, बास झालं. बाई खुळी व्हायच्या आत काय तरी केलं पायजे. भिंत खरवडली, डागावर ऑइल प्रायमरचे दोन हात दिले आणि गुलाबी मारला. मुद्दाम गुलाबी. मी गिऱ्हाइकांना सांगतोय न्हवं, गुलाबीत माणूस रडत न्हाय. वर तीच वेल, चंदेरी.

रत्ना परत आली. पिशवी खाली न ठेवता खोलीत उभी राहिली. मी भांडणाची तयारी करून बसलेलो, काय बोलायचं ते सगळं पाठ करून ठेवलेलं. ती एवढंच म्हणाली, "कुठं गेली?"

मी म्हटलं, "कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पिशवी घेऊन आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डाग काय आला न्हाय. पहिले आठ दिवस मी मनातनं लई खूष. मग एकेक ध्यानात यायला लागलं. घर गप्प झालंतं. आधी घरात बारीक बारीक आवाज हुते, हे मला ते बंद झाल्यावर कळलं. पाटीवर पेन्सिल घासल्याचा एक आवाज असायचा, मी त्येला उंदीर समजत हुतो. सकाळी मोरीत पाण्याचा तांब्या आपटायचा, मी म्हणायचो रत्ना असंल, आणि रत्ना तर चुलीम्होरं असायची. ते कायबी ऱ्हायलं न्हाय. खोली दिसायला झकपक, आणि बसलं की वाटायचं आपुन भाडं भरून उतरलोय, उद्या सकाळी खोली सोडायची हाय.

रत्ना रोज सकाळी पाट टाकायची. कंगवा, तेल, रिबीन घेऊन बसायची. जरा वेळ वाट बघायची आणि सगळं परत उचलून ठेवायची. जेवण तुटलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकाय लागल्या. घरमालकीण चिमणाबाई वरच्या मजल्यावर ऱ्हायच्या, त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"प्रभ्या, तुझी बायको वाळत चाललीया. डोळं फुटलं व्हय तुझं?"

"डाक्टरला दावली मावशी. म्हणतोय कायबी न्हाय, टॉनिक द्या."

"टॉनिकनं हुतंय व्हय असलं?" म्हणाल्या आणि गेल्या.

मला कळत हुतं. एक गेली हुती, आता दुसरी माझ्या डोळ्याम्होरं चाललीती. आणि माझ्याच हातानं.

५

शेवटी मीच म्हटलं, "काढतो गं ह्यो रंग. सांग, कुठला मारू?"

रत्ना किती तरी महिन्यांनी नीट बोलली. "आधीचा मारा की."

"आधीचा कुठनं आणू, बाई? ती उरल्यासुरल्याची बादली हुती. त्यात काय काय पडलंतं ते देवाला ठाऊक."

तरी केला प्रयत्न. चार-पाच डबे फोडले. पिवळ्यात हिरवा घातला, हिरव्यात पांढरा. एक निघाला शेवाळासारखा, एक पोपटी, डोळ्यात घुसणारा. रत्ना दर वेळी दारात येऊन बघायची, मान हालवायची आणि आत जायची.

तेवढ्यात दोन हजार सालचा दसरा आला आणि मी कामात बुडलो. त्या साली शेवटचं काम एका खासगी दवाखान्याचं हुतं. त्यातला रंग बराच उरला. घरी आलो, दमल्यालो, खांदे भरून आल्याले. गुलाबी तर काढायचाच हुता. रंगाऱ्याचा हात सवयीनं चालतोय बघा. उरलेला रंग दिसला की त्यो टाकवत न्हाय, घरच्या भिंतीला लागतोयच. मी खरवडलं आणि मारला. फिक्का निळा. वर पांढरी वेल.

दिसायला वाईट न्हवता. स्वच्छ, गार. शेवटचा हात मारताना माझ्या दंडावर शहारा आला, तवा मी म्हटलं, निळा हाय, गार वाटणारच. रोज गिऱ्हाइकांना हेच सांगतोय की मी.

सकाळी डाग आलता.

पर बसल्या उंचीला न्हवता. जमिनीपासनं चार बोटं वर हुता, लांबट, कडंनं पसरल्याला. कुणी तरी खाली आडवं पडून भिंतीकडं डोकं केल्यावर पडंल तसला. आणि त्येच्या भोवती निळा रंग वला दिसत हुता, घामानं भिजल्यावानी.

मी वाकलो आणि तळवा लावला. भिंत तापलीती. पलीकडं गल्ली हाय, चूल न्हाय, ऊन न्हाय. तापल्यालं कपाळ असतंय न्हवं, तेवढीच तापलीती. मी हात काढला आणि धोतराला पुसला. वर लावला, भिंत गार. बाजूला लावला, गार. परत खाली लावला. तेवढ्यात खोकला ऐकू आला. कोरडा, बारीक. भिंतीतनं न्हाय, माझ्या गुडघ्याजवळनं.

रत्ना मागं उभी हुती. इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर एकदाच आवाज चढवला, त्यो तवा.

"दवाखान्यातला रंग आणलासा व्हय? तुमाला कळंना व्हय? तिनं काय करायचं तितं परत?"

तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, तांब्यात भिजवली, पिळली आणि भिंतीच्या त्या जागेवर ठेवली. हातानं दाबून धरली. चिंधी कोमट झाली की परत भिजवायची, परत ठेवायची. पाणी निळं झालं, तिची बोटं निळी झाली. तोंडानं कन्नडात काय तरी पुटपुटत हुती, तिच्या आईनं तिला म्हटलेलं आसंल, मला समजलं न्हाय.

मी म्हटलं आपुन दोघंबी खुळावलोय. आणि म्हणता म्हणता मीच दुसरी चिंधी भिजवायला घेतली.

६

मग माझं डोकं चाललं. खोली कितीबी वेळा खरवडली तरी रंगारी लाइटीच्या बोर्डामागं हात घालत न्हाय. मी स्क्रू काढले, बोर्ड खाली घेतला. आत, वायरींच्या मागं, तळहाताएवढी भिंत जशीच्या तशी. कैरीची फोड. सुरीनं तेवढा पापुद्रा सोडवला, कागदात धरला आणि पळत सुटलो.

जयपालशेठचं रंगाचं दुकान शाहूपुरीतच. त्येंनी नवीन मशीन आणलंतं, नमुना दावला की कम्प्युटर रंग जुळवून देतोय. मी त्या मशीनला सगळ्या बाजारात नावं ठेवलीती. शेठ मला बघून हसाय लागले.

"अरे प्रभू! वाट चुकला काय? परवा तर म्हणत हुतास, हे डबडं उचलून पंचगंगेत टाका."

"शेठ, आज भांडायला येळ न्हाय. पोरगी तापलीया घरात."

बोलून गेलो. शेठ शिवूच्या मातीला आलेले. त्येंचं हसू तोंडावरच थांबलं. त्येंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं, माझ्या निळ्या बोटांकडं बघितलं. मला वाटलं आता हे मला बसवणार, पाणी देणार, समजूत घालणार.

त्येंनी आत हाक मारली. "केतन, बाकीचं सोड. ह्यांचं आधी काढ."

त्येंचा पोरगा केतन, कॉलेज करून दुकानात बसल्याला. त्यानं पापुद्रा काचेखाली ठेवला. मशीन घुमलं. म्हणाला, "काका, ह्यात सहा-सात रंग आहेत एकत्र. पण जमेल असं वाटतंय."

"वाटतंय नको रे बाळा. जमव."

डबा हलवून, झाकण उघडून त्यानं माझ्याम्होरं धरला. मला काय कळंना. ओल्या रंगावर इश्वास ठेवायचा नसतोय. वाळता वाळता त्यो बदलतोय, आणि बदलून काय निघंल ते भिंतच सांगती. शेठ म्हणाले, "जा लवकर," आणि स्वतः डबा उचलून माझ्या सायकलीला लावला.

७

घरी आलो तर खोलीत श्वास ऐकू येत हुता. भरभर चाललेला, बारका. रत्नाचा न्हवता, रत्ना तर श्वास धरून बसलीती.

मी खरवडणी हातात घेतली आणि वरनं निळा काढत काढत खाली आलो. डागापाशी हात थांबला. तितं लोखंड लावायचं धाडस हुईना. आणि मग मी जे बोललो ते आजपर्यंत कधी बोललो न्हवतो.

"रत्ना, तिला उचल."

रत्नानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्याला धार लागली. ती वाकली, एक हात खाली मानेजवळ घातला, एक गुडघ्याजवळ, आणि उठली. उठताना ती कण्हली, जड काय तरी उचलल्यावर कण्हत्यात तशी. खोलीच्या मधी जाऊन बसली. तिच्या मांडीवरचं लुगडं खाली दबलं. एवढंच मी बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

रीत, प्रायमर, सगळं बाजूला ठेवलं. खरवडलं, पुसलं, रंग मारला. पंखा लावला, दार उघडलं. पहिला हात जरा धरल्यावर वर पांढरी वेल फिरवली. घाईत वेल वाकडी गेली. गिऱ्हाइकाच्या घरात असली गेली असती तर मी सगळी भिंत पुसली असती. मी भिंतीला चिकटून उकिडवा बसलो आणि वाट बघाय लागलो.

पाठीमागं दोन श्वास. एक संथ, एक भरभर. मी वळलो न्हाय. खरं सांगतो, मला भ्या वाटत हुतं. ती असंल ह्येचं भ्या, आणि वळल्यावर कोण नसंल ह्येचं त्येच्याहून जास्त.

भिंत वरनं वाळत आली. आधी कसला तरी मळकट रंग दिसला आणि माझं काळीज बसलं. मग त्यो उघडत गेला. एकेक हात खाली, एकेक हात खाली. आणि संध्याकाळचं ऊन गल्लीतनं निघून गेलंतं तरी खोलीत सकाळ झाल्यावानी वाटाय लागलं.

मागचा भरभर श्वास सावकाश झाला. मग एक लांबलचक उसासा. मग रत्नाचं लुगडं सळसळलं, मांडीवरनं ओझं उठल्यावर सळसळतंय तसं.

फरशीवर अनवाणी पावलं वाजली. माझ्या डाव्या अंगाला येऊन थांबली. खोबरेलाचा वास आला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि तोंडातनं आपोआप शब्द गेले, रोज घरात पोराबाळांना बोलावं तसले.

"थांब जरा. अजून वला हाय. टेकू नको."

ती थांबली. माझ्या कोपराजवळ, बाहीला लागंल न लागंल अशी. मी बोटाच्या पाठीनं भिंत बघितली. चिकट. परत थोड्या येळानं बघितली. कोरडी.

"हं," मी म्हटलं. "टेक आता."

काय तरी खाली बसलं. आणि माझ्या डोळ्यादेखत त्या कोऱ्या रंगावर एक गोल उमटत गेला. आधी फिक्कट, मग गडद, चकाकता. मी त्यो खाली कुठं तरी येणार म्हणून बघत हुतो, चार-पाच वर्षांच्या पोराच्या उंचीला. तितं कायबी आलं न्हाय. त्यो माझ्या खांद्याच्याबी वर आला, माझ्या कानाच्या जवळपास.

"रत्ने," मी म्हटलं, "केवढी झाली की गं ही."

"व्हय तर," रत्ना मागनं म्हणाली. रडत हुती, पर आवाजात राग न्हवता. "तुमी कुठं बघितलंसा तिच्याकडं इतकी वर्षं. आता तरी बघा की."

मान वळवायचं मला लई भ्या वाटलं, पावणं. तरीबी मी वळवली.